रांगेतली मोकळी जागा

१

चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या बाईला गिऱ्हाईक कधी ना कधी विचारतंच, की बाई, तुमचे स्वतःचे डोळे कसे आहेत? छोटीचं उत्तर ठरलेलं होतं. "डोळे ठणठणीत आहेत. बघण्यासारखं काही उरलं नाही, एवढंच." गिऱ्हाईक हसायचं आणि फ्रेम जरा महागातली घ्यायचं.

छोटी म्हणजे काही लहान नव्हती. केस पिकले होते, गुडघे कुरकुरायला लागले होते. पण घरात धाकटी म्हणून छोटी, आणि घरात छोटी म्हणून चर्चच्या मंडळीतही छोटीच. थोरला तो दादा. दादा मिशनरी होऊन समुद्रापलीकडे गेला, तेव्हा त्याला निरोप द्यायला सगळी मंडळी थांब्यावर लोटली होती. बस गेली, मंडळी घरी गेली, आणि आईची उशी, आईची औषधं, आईचं विनाकारण रागावणं हे सगळं छोटीच्या पदरात पडलं. "देवाची सेवा त्याने केली, आईची मी," ती म्हणायची, "आणि भिंतीवर फोटो लागला तो त्याचा."

फोटो दरवर्षी यायचा. एक लांबट बसकी इमारत, तिच्यासमोर रांगेत उभी असलेली तिकडची माणसं, आणि मधोमध दादा. तो चर्चच्या सभागृहातल्या फलकावर लावायचं काम छोटीचं. पहिल्याच वर्षी रांगेत, कडेला, एका माणसाची जागा मोकळी दिसत होती. पाळकसाहेबांना वाटलं, फोटो काढणारा नवशिका असावा. पण दादाने सोबत लिहिलं होतं: "इथे जो हजर नाही त्याची जागा रांगेत सोडतात. सरकून भरत नाहीत. तो आला की येऊन उभा राहतो." पुढच्या वर्षी त्या जागेवर काठी घेतलेला एक म्हातारा उभा होता. पाळकसाहेबांनी त्यावर एक अख्खं प्रवचन केलं. दोन बायका रडल्या.

छोटीही इकडून फोटो पाठवायची. घराचं पुढचं दार, नवे पडदे, बदललेलं पन्हाळ, खुर्चीत बसलेली आई, पुढच्या वर्षी त्याच खुर्चीत आणखी वाळलेली आई. शेवटी नुसती खुर्ची. दादा आईच्या मातीलाही आला नाही. तरी छोटी त्याची खोली झाडत राहिली. पलंगावर चादर, खुंटीवर टॉवेल, फळीवर त्याचा कान तुटलेला कप. राग होताच, पण रागावायलाही माणूस समोर लागतं. दादा परत येईल आणि आपण त्याला एकदा नीट फाडफाड बोलू, मग दोघं मिळून म्हातारी होऊ, एवढी एकच गोष्ट तिने इतकी वर्षं जपून ठेवली होती.

आणि एक दिवस कळलं, दादा येतोय. कायमचा.

२

थांब्यावर तो उतरला तेव्हा तिने ओळखलं नाही. त्याने मात्र गर्दीतून सरळ येऊन तिच्यासमोर बॅग ठेवली.

"तू अगदी फोटोतल्यासारखीच आहेस," तो म्हणाला.

"फोटोत तरी मी बरी दिसते," छोटी म्हणाली. तो हसला नाही. बोलण्याला हसायचं असतं हे विसरला असेल, तिला वाटलं. वीस वर्षं परक्या भाषेत काढली की माणसाचं असं होत असणार.

घरी आल्यावर तो पुढच्या दारासमोर बराच वेळ थांबला. दाराकडे बघून मान हलवली, पन्हाळाकडे बघून मान हलवली. आत आला तर आईची खुर्ची, खिडकी, पडदे यांवरून नजर फिरवली. भिंतीवर घरच्यांचे फोटो होते, त्यांच्यासमोर तर तो असा उभा राहिला की जणू हजेरी घेतोय. बाबांचा फोटो मधोमध, नेहमीच्या ऐटीत, डावा हात कोटाच्या खिशात.

"बूट मागच्या जिन्यात काढून ठेव," छोटी स्वयंपाकघरातून म्हणाली. "चिखल झालाय सगळा."

तो आला, आणि त्याने कोठीच्या कपाटाचं दार उघडलं. डब्यांकडे बघत उभा राहिला. मग न्हाणीघराचं उघडलं. मागच्या जिन्याचं दार त्याच्या कोपराशी होतं, तिकडे त्याने पाहिलंही नाही.

छोटीला हसू आलं. मागचा जिना म्हणजे दादाचं राज्य. लाकडी, अरुंद, त्यातली एक पायरी पाय पडला की मोठ्याने कण्हायची. तिला दोघांनी नाव ठेवलं होतं, रडकी. रडकी रडली की आईला कळायचं, कोण किती उशिरा आलं ते. म्हणून दादा ती पायरी टाळून, कठडा धरून, टांग टाकून वर यायचा. छोटीला ते कधी जमलं नाही, त्यामुळे मार नेहमी तिलाच.

"जिना विसरलास?" तिने विचारलं.

"कुठला जिना?" तो म्हणाला.

प्रवासाचा शीण, तिने मनाशी म्हटलं, आणि चहा ठेवला.

३

रविवारी उपासनेनंतर सभागृहात पडदा लावला. दादाने तिकडचे फोटो दाखवले. शाळा, दवाखाना, विहीर, माणसं. प्रत्येक फोटोबद्दल तो बरोबर तेवढंच बोलायचा, जेवढं पडद्यावर दिसत होतं. "ही विहीर. हा माणूस दोर ओढतोय. मागे दोन झाडं." कोणी विचारलं, पाणी गोड होतं का, तर तो विचारणाऱ्याकडे बघत राहिला, जणू त्याने काही अभद्र विचारलं.

"फार थकलेत," पाळकीणबाई कुजबुजल्या. पाळकीणबाई म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी. मंडळीत कोणाच्या घरी काय शिजतं ते त्यांना त्या घराच्या आधी कळायचं. सहानुभूती दाखवायला त्या उठल्या आणि बाकावर दादाच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या.

दादा उठून उभा राहिला. नुसता त्यांच्याकडे खाली बघत राहिला. पाळकीणबाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या, मग उठून दुसऱ्या बाकावर गेल्या. दादा पुन्हा बसला. त्याच्या डावीकडे एका माणसाची जागा मोकळी.

छोटीने हे घरी पाहिलं होतं. सोफ्यावर तो नेहमी उजव्या टोकाला बसायचा. जेवताना शेजारची खुर्ची ओढून घ्यायचा आणि ती रिकामी ठेवायचा. रस्त्यात चालताना फुटपाथवर इतकी जागा सोडायचा की समोरून येणारे लोक त्याच्या आणि कशाच्या तरी मधून जायला बिचकायचे. तिकडची सवय, एवढंच ती धरून चालली होती. पण त्या दिवशी घरी परतताना तिने विचारलं.

"कोणासाठी सोडतोस रे ही जागा?"

"अजून ठरायचंय," दादा म्हणाला.

निघण्यापूर्वी मंडळीने स्वागताचा फोटो काढून घेतला होता. पाळकसाहेब, छोटी, आणि दोघांच्या मधे दादा. "तिकडे पाठवून देतो," पाळकसाहेब हौसेने म्हणाले. "त्यांनाही कळू दे, माणूस सुखरूप पोचला."

"तिकडे पाठवू नका," दादा म्हणाला.

पण पाळकसाहेबांनी चांगलं काम करायचं ठरवलं की ते कोणाच्या बापाचं ऐकत नसत. त्यांनी फोटो पाठवला. मिशनच्या दवाखान्यातल्या परिचारिकेचा नंबर त्यांच्याकडे होता, आणि छोटीकडेही.

४

उत्तर छोटीच्या फोनवर आलं, ती दुकानात एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत असताना. परिचारिकेने दोनच ओळी लिहिल्या होत्या. "फोटो मिळाला. तुमचा भाऊ आता पुन्हा उभा राहू लागला आहे." खाली यंदाचा रांगेचा फोटो.

रांग भरलेली होती. मधोमध दादा होता.

खंगलेला, गालफडं बसलेली, गळ्याभोवती मफलर. पण दादा. डावा हात कोटाच्या खिशात, थेट बाबांसारखा. छोटीचं काळीज आधी त्या हातावर विरघळलं, आणि मग तिला आठवलं की दादा घरी आहे, तिने सकाळी निघताना त्याला चहा दिलाय.

जुना फोटो असणार, दुसरं काय. गेल्या वर्षीचा चुकून पाठवला असेल. तिने आजोबांना आरसा दिला आणि फोन काउंटरखाली धरून पुन्हा पाहिला. फोटोतल्या दादाच्या उजव्या हातात एक कागद होता. छापलेला फोटो. तो त्याने छातीशी, दिसेल असा धरला होता.

तिने बोटांनी तो भाग मोठा केला. सभागृह. भिंतीवर स्वागताची पताका. पाळकसाहेबांचं पोट. तिचा स्वतःचा तपकिरी कोट. कालपरवा काढलेला फोटो, आणि तो धरून दादा तिकडे उभा. तिने आणखी मोठा केला. मंडळीच्या त्या रांगेत, पाळकसाहेब आणि ती यांच्या मधे, मागची भिंत दिसत होती. भिंतीवरचा खिळासुद्धा दिसत होता. तिथे कोणी नव्हतं.

"बाई, मी कसा दिसतो?" आजोबांनी विचारलं.

"छान," छोटी म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत ती सभागृहात गेली. फलकावर तिनेच लावलेला तोच फोटो होता. पाळकसाहेब, दादा, ती. दादा मधे ठसठशीत उभा होता, खिळा त्याच्या डोक्यामागे झाकलेला. दिसतं तसं नसतं, ती गिऱ्हाइकांना रोज सांगायची. फोटो फार मोठा केला की त्याचे तुकडे होतात, नसलेलं दिसतं, असलेलं पुसतं. चष्म्याच्या दुकानातल्या बाईला हे नाही कळणार तर कोणाला? ती हे सगळं स्वतःला पटवत उभी राहिली, आणि तरी पुन्हा पुन्हा तो खिळा शोधत राहिली.

५

दादा सोफ्यावर उजव्या टोकाला बसला होता, भिंतीवरच्या फोटोंकडे तोंड करून. छोटी आईच्या खुर्चीत बसली. डावीकडे बसायची तिची छाती झाली नाही.

"आई शेवटी तुझी फार आठवण काढायची," ती म्हणाली. हे खोटं होतं. शेवटी आई कोणाचीच आठवण काढत नव्हती.

"आई या खुर्चीत बसायची," दादा म्हणाला. "मागे खिडकी. शालीचं टोक जमिनीला टेकलेलं. टोकाला जळल्याचा डाग."

"आणि बोलायची काय?"

"हसायची."

"हसण्याआधी काय म्हणाली होती ते आठवतं?"

त्याची नजर भिंतीवरच्या फोटोंकडे गेली. छोटीला एकेक गोष्ट आठवत गेली. आल्यापासून त्याने लहानपणाच्या आठवणी सांगितल्या होत्या, पुष्कळ सांगितल्या होत्या, आणि ती मनातून सुखावली होती. पण त्यातली प्रत्येक आठवण या भिंतीवर नाहीतर तिने पाठवलेल्या पाकिटांत होती. चौकटीच्या आत जे होतं ते त्याला पाठ होतं. चौकटीच्या बाहेरचं एक पाऊलही त्याला ठाऊक नव्हतं. मागच्या जिन्याचा फोटो कधी कोणी काढला नव्हता. जिन्याचा कोण काढतं?

मग तिने विचारलं. "दादा, बाबांच्या डाव्या हाताला बोटं किती होती?"

ते या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लाकडाच्या वखारीत करवतीने बाबांची दोन बोटं नेली होती. उरलेल्या तिन्हींनी ते पोरांचे कान असे पिळायचे की पाच बोटं असलेल्या बापांनी लाजावं. फक्त फोटो काढताना ते हात खिशात लपवायचे. प्रत्येक फोटोत. लग्नाच्यासुद्धा.

दादा भिंतीकडे बघत राहिला. बाबांच्या फोटोकडे, दुसऱ्या फोटोकडे, तिसऱ्या.

"हात खिशात आहे," तो म्हणाला.

छोटी उठली. "तू कोण आहेस?"

त्याने मान वळवली. इतके दिवस त्याच्या तोंडावर जे काही होतं, थकवा म्हणा, परकेपणा म्हणा, ते गेलं होतं. उरला होता तो नुसता तिटकारा. तिच्याबद्दलचा.

"वीस वर्षं तू खोली झाडलीस," तो म्हणाला. "चादर बदललीस. कप ठेवलास. सरकून बसली असतीस तर मी आलोच नसतो. आता विचारतेस कोण?" मग तो पुन्हा भिंतीकडे वळला. "चहा कर."

आणि सांगायला लाज वाटते, पण तिने केला.

६

पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "छोटी, तू फार वर्षं एकटी राहिलीस. आता घरात माणूस आलं तर ते डोळ्यांत खुपणारच."

"फोटो बघा ना तुम्ही."

त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हा जुना असणार. आणि एवढं बारीक मला दिसत नाही."

"चष्मा लावा. मीच दिलाय तुम्हाला."

पण चष्मा घरी राहिला होता. पाळकीणबाई दारात उभ्या होत्या. "घरात वाटेकरी आला ना, म्हणून भाऊ परका झाला," त्या म्हणाल्या. "देवाची सेवा करून आलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं." दुसऱ्या दिवसापर्यंत हे वाक्य मंडळीभर झालं होतं. बायका छोटीला बघून आवाज खाली आणायच्या. उपासनेत तिच्या बाकावर कोणी बसेना. गंमत अशी, की आता तिच्याही शेजारी एकेका माणसाची जागा मोकळी राहू लागली.

तिने परिचारिकेला लिहिलं. माझ्या भावाशी बोलायचं आहे. उत्तर आलं: "ते ऐकतात. बोलत नाहीत. ताप गेल्यापासून तसेच आहेत."

"त्याला सांगा, घरी ये."

मग: "विचारतात, घरात जागा आहे का."

छोटीला त्या ओळीवर रडू कोसळलं. म्हणजे तो तिकडेच होता. तापात पडला असताना कोणीतरी त्याच्या नावाने उठून इकडे आलं होतं, त्याच्या कपात चहा पीत होतं, आणि खरा दादा रांगेत उभा राहून विचारत होता, माझ्या घरात मला जागा आहे का. त्याला फाडफाड बोलायचं ती कधीच विसरली होती.

पुढच्या खोलीत तो बसलेला. म्हणजे दादा पुढच्या दाराने कसा येणार? तिने मागचा जिना झाडला. दुपारचं ऊन जिन्यात उतरलं होतं. खाली उभं राहून तिने फोन वर धरला, कठडा, सगळ्या पायऱ्या आणि वरचं दार नीट चौकटीत घेतलं आणि फोटो पाठवला. "पुढे तो असतो. तू आपल्या मागच्या जिन्याने ये. कडी मी काढीन."

"दाखवला," परिचारिकेने लिहिलं. "फार वेळ बघत होते. अजून बघत आहेत." आणि थोड्या वेळाने: "पण आमच्याकडे म्हणतात, रांगेत जागा ठेवल्याशिवाय माणूस परत येत नाही."

७

मंडळीचा वार्षिक फोटो चर्चच्या पायऱ्यांवर काढतात. यंदा दादाला मधोमध उभं करायचं, हे पाळकसाहेबांनी आधीच जाहीर केलं होतं. छोटी गेली आणि त्याच्या डावीकडे उभी राहिली. अगदी शेजारी नाही. एका माणसाची जागा सोडून.

"छोटी, सरक," फोटोवाला म्हणाला.

"नाही."

"अहो, मधे भगदाड दिसतंय."

"दिसू दे."

मागून कोणीतरी तिला कोपराने ढकललं. पाळकीणबाई म्हणाल्या, "सणकी आहे, सोडा." एक काका वैतागून पुढे आले आणि त्या जागेत उभे राहायला गेले. छोटीने त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना मागे लोटलं. आयुष्यात तिने परक्या कोणाच्या अंगाला हात लावला नव्हता, चष्मा बसवण्यापुरता सोडून.

"ही माझ्या भावाची जागा आहे," ती म्हणाली.

"भाऊ शेजारी उभा आहे तुझा," पाळकसाहेब दबक्या आवाजात म्हणाले. "लोक बघतायत."

"हा माझा भाऊ नाही. माझा भाऊ यायचाय."

कोणीतरी हसलं. बाकीच्यांच्या चेहऱ्यावर तोच तिटकारा होता जो त्या दिवशी सोफ्यावर तिने पाहिला होता, थोडा सौम्य, थोडा माणसाळलेला. ती जागेवरून हलली नाही. हा भांडेल, सगळ्यांसमोर काहीतरी बोलेल, अशी तिने तयारी ठेवली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं.

तो हसत होता. आल्यापासून पहिल्यांदा.

"राहू दे," तो फोटोवाल्याला म्हणाला. "काढ असाच."

तो का हसला, हे तिने घरी जाताना स्वतःला विचारलं. उत्तर सापडेना. जिंकल्याच्या भरात माणूस फार खोदत नाही. फोटो तिने त्याच दिवशी पाठवला.

८

परिचारिकेचं उत्तर बुधवारी दुपारी आलं. शब्द नव्हते. नुसती रांग. मधोमध जागा मोकळी होती, आणि तिच्यातून मागची बसकी इमारत दिसत होती.

छोटी दुकानातून डोकं दुखतं सांगून निघाली. रस्त्यात तिला हसू येत होतं. निघाला. दादा निघाला. एवढ्या लांबून लगेच कसा येईल, हा हिशेब तिने घालून पाहिला. फोटो आधीच काढलेला असेल, पाठवायला उशीर झाला असेल, विमान केव्हाच उतरलं असेल. ज्याला विश्वास ठेवायचाच असतो त्याला कारणं उसनी मागावी लागत नाहीत.

पुढच्या खोलीत तो सोफ्यावर होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने कान तुटलेला कप घासला, पुसला, ओट्यावर ठेवला. ऊन खिडकीतून ओट्यापर्यंत आलं होतं. खाली रस्त्यावर कोणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. घर इतकं साधं दिसत होतं की तिला वाटलं, आता सगळं होईल नीट.

खालचं दार वाजलं. मागचं.

मग जिन्यात पाऊल. आणखी एक पाऊल. बूट होते, जड होते, दमलेल्या माणसाचे होते. ती दाराशी गेली आणि तिने कडी काढली. डोळे भरून आल्यामुळे तिला कडी नीट दिसत नव्हती, चाचपूनच काढली.

"दादा?" ती दाराच्या फटीतून म्हणाली.

पावलं येत होती. सावकाश, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवून, अनोळखी घरातला जिना चढतात तशी. आजारातून उठलाय, तिने मनाशी म्हटलं. दम लागत असेल. आता रडकी येईल. इतक्या वर्षांनी त्याला टांग टाकायला जमेल का, या विचाराने तिला लहानपणीसारखं हसू फुटलं, आणि ती कठड्याचा आवाज ऐकायला कान देऊन उभी राहिली. कठडा धरल्याशिवाय ती टांग पडतच नाही.

कठड्यावर हात पडलाच नाही.

तिचं हसू जागच्या जागी राहिलं. तिने पाठवलेला फोटो तिच्या डोळ्यांसमोर आला. दुपारचं ऊन, स्वच्छ झाडलेला जिना, एकेक पायरी लख्ख. सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या दिसत होत्या. त्यात रडकी कुठली, ते फोटोवरून कळत नव्हतं.

रडकी पायरी रडली. पूर्वी रडायची तशीच, लांब, नाकातून.

छोटीने दार लोटलं आणि कडीकडे हात नेला. दार लागेना. पलीकडून कोणीतरी ते धरलं होतं, जोर न लावता, नुसतं धरलं होतं. फटीतून कोटाची डावी बाजू आत आली, खिशापर्यंत गेलेल्या बाहीसकट. तिच्या टोकाला हात होता, आणि त्या हाताला पाचही बोटं होती की नव्हती हे तिला दिसलं नाही, कारण तो खिशात होता.

"येऊ दे त्याला," पुढच्या खोलीतून आवाज आला. "जागा आहे."